दर घाटात बाटलीभर

मे महिन्यातली दुपार आणि खंबाटकीचा चढ. डावीकडच्या कठड्याला चिकटून एक पांढरी मारुती ८०० उभी होती, बॉनेट वर केलेलं आणि खालून वाफ येत होती. गरम रबराचा, तापलेल्या रंगाचा आणि पुढे गेलेल्या ट्रकच्या धुराचा मिळून एक वास त्या वळणावर साचला होता. गाडीवाले काका पन्नाशीचे, अगदी शांत. मागून आलेल्या जीपवाल्याने काही न विचारता आपली पाण्याची बाटली पुढे केली. "काय झालं काका?" "काही नाही हो, दर घाटात बाटलीभर पाणी लागतंच तिला. बाकी गाडी एक नंबर." थोड्या वेळाने फडकं धरून कॅप फिरवली गेली, फुस्स करून उरलेली वाफ बाहेर पडली, बाटली रिकामी झाली आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये निघूनही गेली. कुणाचं काही बिघडलं नाही, कुणी चिडलं नाही. तरी ते "लागतंच" मनातून जात नाही. इंजिनाच्या थंडाव्याचं पाणी बंद वाटेने फिरतं. तिथून पेलाभर पाणी कमी झालं तरी त्याला जायला कुठेतरी वाट मिळालेली असते.

बाटलीभर पाणी गेलं, तर ते कुठून गेलं?

आपल्याकडे तहानलेल्याला पाणी देताना नाव-गाव विचारत नाहीत, आणि तापलेल्या गाडीलाही तोच न्याय मिळतो. ढाब्यावरचा पोऱ्या बादली आणून देतो, शेतातला माणूस मोटर चालू करून पाइप धरतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनींच्या डिकीत पाण्याचा कॅन हे स्टेपनीइतकंच नेहमीचं सामान होतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे उरल्या नाहीत. कॅनची सवय मात्र मागे राहिली. ती सवय त्या गाड्यांना चालून गेली, कारण जुना टॅक्सीवाला रोज सकाळी स्टार्टर मारायच्या आधी कॅप उघडून बोट बुडवून बघायचा. आता कॅन राहिला आणि ते बोट गेलं. मदतीला थांबणारा तो जीपवाला मनापासून आवडतो, आणि त्याच्या बाटलीतलं पाणी त्या इंजिनाला आतून खाणार हेही कळत असतं. घाटात दुसरा इलाजही नसतो. गाडी घरी आल्यावर तरी तिच्याकडे बघायला हवं, ते होत नाही, याचं वाईट वाटतं.

त्या पाण्यात काय असतं, तर आपल्या काळ्या कातळातून आलेला चुना आणि मॅग्नेशियम. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच हा. इंजिन तापलं की पाण्याची वाफ होऊन निघून जाते, क्षार आत राहतात. पुन्हा बाटली ओतली की पुन्हा नवे क्षार. असं प्रत्येक घाटाला होत राहतं, आणि थर नेमका जिथे धातू सगळ्यात तापलेला तिथेच बसतो: एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, प्लगच्या बैठकीपाशी. अर्धा मिलिमीटर थरसुद्धा तिथली उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचू देत नाही. तापमानाचा काटा मधोमध असतो आणि हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचा, तो कोपरा भाजत असतो. दुसरं म्हणजे ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत येतो. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मूळ अंग, बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, पाणी निववणारा जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याचे सांधे शिसं-कथलाचे. हे सगळे धातू एका क्षारयुक्त पाण्यात बुडाले की त्यांची आपसात बॅटरी तयार होते आणि तीत सगळ्यात आधी अ‍ॅल्युमिनियम झिजतं. अशा गाडीचं हेड उतरवलं की पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. ब्लॉकचा गंज तळाशी चिखल होऊन बसतो, त्यातला काही रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन अडकतो. म्हणजे गाडी तापली घाटात, पण ती तापायची तयारी वर्षभर सपाटीवर चालली होती.

रेडिएटरची कॅप हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत दुर्लक्षित. तिचं काम कुकरच्या शिट्टीचं: ठरावीक दाब होईपर्यंत धरून ठेवायचं, त्यापुढे सोडायचं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. पण कॅपवर ०.९ (बार) लिहिलेलं असेल आणि ती खरोखर तेवढा दाब धरत असेल, तर आतलं नुसतं पाणीही ११६ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. पाण्यात कूलंट, म्हणजे गंजविरोधी द्रव्यं असलेलं ग्लायकॉल, असेल तर आणखी पुढे. कॅपचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की हे वीस अंश एका फटक्यात जातात. इंजिन तेच, घाट तोच, पाणी मात्र लवकर उकळून रिझर्व्ह टाकीतून बाहेर सांडतं. कॅपच्या मधोमध एक छोटी चकती असते. ती उलट्या दिशेची झडप. इंजिन थंड होताना आत पोकळी होते, तेव्हा ही झडप उघडून टाकीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये खेचू देते. ती चिकटली की सकाळी वरचा होज, म्हणजे जाड रबरी नळी, आत चपटलेला दिसतो. टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरली असेल तर पाण्याऐवजी हवा खेचली जाते. टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा, असा फसवा प्रकार होतो. म्हणून पातळी टाकीत बघून भागत नाही, आठवड्यातून एकदा थंड इंजिनावर कॅप उघडूनच बघायची. नवी कॅप घेताना मूळ आकड्याचीच घ्यावी. जास्त दाबाची बसवली तर जुन्या रेडिएटरचे सांधे आणि होज आधी फुटतात.

कॅप नवी घालूनही पाणी कमी होत असेल तर पाण्याच्या पंपाखाली टॉर्च मारायची. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूने एक लहान भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गळायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर यावं, एवढ्यासाठीच ते असतं. तिथून खाली गेलेला तांबूस किंवा हिरवट ओघळ म्हणजे पंपाची नोटीस आहे. काही जण ते भोक एम-सीलने बुजवतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग डुगडुगतं, आणि एक दिवस पट्टा उडतो. मारुती ८०० मध्ये पंप आणि अल्टरनेटर एकाच व्ही-पट्ट्यावर चालतात, त्यामुळे पट्टा गेला की चार्जिंगचा दिवा आणि तापमानाचा काटा पाठोपाठ वर येतात. चार्जिंगचा दिवा लागला म्हणून "गॅरेजपर्यंत जाऊ" असं ठरवून पुढे गेलेल्या बऱ्याच गाड्यांची हेड त्याच रस्त्यावर गेली आहेत. पट्ट्याचा ताण बघायला पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोर देऊन दाबावं. साधारण १० मिलिमीटर दबला तर ठीक. फार सैल असेल तर घसरतो, फार ताणला तर पंपाचंच बेअरिंग खातो.

होज हाताने ओळखायचे असतात. थंड असताना चिमटीत दाबावे: कडकड आवाज आला तर रबर वाळलं, लिबलिबीत लागलं तर आतले थर सुटले. क्लिपच्या अगदी मागे फुगवटा असेल तर तो होज घाटात न्यायचा नाही. खालच्या होजमध्ये पुष्कळ गाड्यांना आतून तारेची स्प्रिंग असते, कारण पंप तिथून पाणी ओढतो आणि स्प्रिंग नसेल तर वेगात होज आतल्या आत चपटतो. दुकानात नवा होज घेताना जुन्यातली स्प्रिंग काढून घ्यायचं राहून जातं, आणि मग "शहरात ठीक, हायवेला तापते" अशी न सुटणारी तक्रार सुरू होते. चार-पाच वर्षं झाली की होज दिसायला चांगले असले तरी बदलावे. बायपासचा, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न पाठवता इंजिनातच फिरवणारा, तो वीतभर लहान तुकडाही त्यातच बदलावा. तो अडचणीत असतो म्हणून राहतो आणि राहतो म्हणून फुटतो.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे रेडिएटरकडे जाणारी वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेबद्दल, मात्र थोडं थांबून सांगायला हवं. "काढून टाका, गाडी थंड राहील," हा सल्ला इतक्या जुन्या मिस्त्रींनी इतक्या प्रेमाने दिलेला आहे की त्याला नाही म्हणणं अवघड जातं. आपल्याकडे थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकून गाड्या तापल्या, त्यावर तो काढणं हा रस्त्यावरचा तात्पुरता उपाय होता, आणि तोच पुढे कायमचा झाला. मेणाची ती छोटी डबी ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागते, आणि तोवर पाणी इंजिनातच फिरवून त्याला लवकर गरम करते. ती नसेल तर थंडीतल्या सकाळी इंजिन बराच वेळ कोमट राहतं, कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल नीट बाष्प होत नाही, सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. अ‍ॅव्हरेज पडतं, रिंगा झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतो, आणि गाडी उलट जास्त तापते. पाणी फार वेगाने फिरलं की त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही, असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. पाणी जितकं जोरात फिरेल तितकी उष्णता जास्त जाते. नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी पातेल्यात पाणी तापवून, दोऱ्याला टांगून, थर्मामीटर लावून बघावा: लिहिलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडे-तिकडे उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. त्यावर हलणारी बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवून बसवायचा, म्हणजे हवा निघून जाते.

पंखा आणि जाळी यांचं गणित उन्हाळ्यात कळतं. ९५ अंशांचं पाणी २० अंशांच्या हवेत निववायचं तर फरक ७५ चा. नागपूरच्या ४५ अंशांत तोच फरक ५० उरतो. म्हणजे तोच रेडिएटर एक तृतीयांश उष्णता कमी टाकतो. हिवाळ्यात ज्याच्या पाव नळ्या बुजलेल्या असूनही काही जाणवलं नाही, तो मेमध्ये हात टेकतो. बुजलेला भाग शोधायला इंजिन तापवून बंद करावं आणि जाळीवरून सावधपणे हात किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवावा. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथून पाणी जात नाही. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला वरची टाकी सोडवून प्रत्येक नळीत पट्टी फिरवतो आणि पुन्हा डाग देऊन बसवतो. हे काम येणारे हात कमी होत चालले आहेत. गावात असा माणूस असेल तर त्याच्याकडूनच करून घ्यावं. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर मात्र सरळ बदलावा. बाहेरून जाळी धुताना इंजिनाच्या बाजूने पुढे साध्या पाइपने धुवावी, कारण किडे, चिखल, गवत पुढूनच अडकलेलं असतं. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा लावला तर फिन, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, आडव्या होतात. विजेचा पंखा साधारण नव्वदीत सुरू झाला पाहिजे. होत नसेल आणि स्विच दोन पिनांचा असेल, तर कनेक्टर काढून त्याची दोन टोकं तारेने जोडावी. पंखा फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर फ्यूज, रिले किंवा मोटर.

आता मूळ कामाकडे. बाजारात कूलंट दोन प्रकारचं मिळतं: घट्ट, ज्यात पाणी घालायचं असतं, आणि तयार मिश्रण, जे तसंच ओतायचं. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं (भारतीय किंवा जपानी मानकाचा क्रमांक) लिहिलेलं आहे का ते बघावं. रंगावर जाऊ नये, हिरवा-लाल-निळा हे कंपनीच्या मर्जीवर असतं. पण दोन वेगवेगळी कूलंट एकात मिसळूही नयेत. जुन्या पितळी रेडिएटरला पारंपरिक प्रकारचं, दोन वर्षांनी बदलायचं कूलंट जास्त मानवतं. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, त्यामुळे निम्मं-निम्मं करायची गरज नसते. ग्लायकॉल वाढलं की मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची ताकद उलट कमी होते. ३५-४० टक्के पुरे. त्याहून फार खाली गेलं तर गंजविरोधी द्रव्यं अपुरी पडतात. बाकीचं पाणी डिस्टिल्डच हवं. बॅटरीच्या दुकानात ते मिळतं, फक्त चुकून अ‍ॅसिडचा कॅन उचलू नये. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, नसतात असं नाही.

बदलताना इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. खालचा कॉक उघडून रेडिएटर रिकामा करावा, ब्लॉकचा ड्रेन प्लग सुटत असेल तर तोही काढावा. हीटर असेल तर त्याची कळ पूर्ण गरमवर ठेवावी. थर्मोस्टॅट काढून खालून वर, म्हणजे उलट्या दिशेने, साधं पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडावं. सुरुवातीला विटकरी पाणी येतं, मग भुरकट, मग त्यात काळे कण दिसतात. फारच गंज असेल तर लिटरला २५-३० ग्रॅम लिंबूसत्व घालून इंजिन अर्धा तास चालवावं आणि लगेच तीन-चार वेळा धुवून काढावं. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक अजिबात नको, ते अ‍ॅल्युमिनियम खातं. गंज निघाल्यावर कधी कधी एखादा सांधा गळायला लागतो. गंजानेच बुजलेलं ते जुनं भोक असतं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं. मग कॉक आणि प्लग बंद करून थर्मोस्टॅट परत बसवायचा. कितीही रिकामं केलं तरी ब्लॉकमध्ये पाणी उरतंच, आणि इथे हिशेब चुकतो. समजा पूर्ण क्षमता ४ लिटर आहे आणि ४० टक्के हवं आहे, तर आधी १.६ लिटर घट्ट कूलंट ओतायचं आणि मगच डिस्टिल्ड पाण्याने वरपर्यंत भरायचं. आधीच मिसळून ओतलं तर आतल्या उरलेल्या पाण्याने ते पातळ होतं. मग गाडीचं तोंड चढावर करून, कॅप उघडी ठेवून, इंजिन चालू करावं. पहिल्यांदा बुडबुडे येतात, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, वरचा होज तापतो. भरत राहावं, पंखा एकदा फिरून बंद होऊ द्यावा, मग कॅप लावावी. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नये. ते चवीला गोड असतं; कुत्री आणि जनावरं चाटतात आणि त्यांचे मूत्रपिंड जातात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावं.

घाटात काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण चालू, आणि एक गिअर खाली. इंजिनाचे फेरे वाढले की पंप जोरात फिरतो. पाणी गळत नसेल तर थांबून इंजिन थोडा वेळ चालू ठेवणं बरं, म्हणजे पाणी फिरत राहतं. वाफ किंवा धार दिसली तर मात्र लगेच बंद. सगळ्यात घातक क्षण वेगळाच असतो: चढलेला काटा अचानक खाली पडतो. गाडी थंड झाली असं वाटतं, पण पाणीच संपलेलं असतं आणि सेन्सर हवेत लोंबत असतो. कॅप अर्ध्या तासाच्या आत उघडू नये, आणि तापलेल्या ब्लॉकमध्ये थंड पाणी एकदम ओतू नये. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तेवढ्याने वाकतं, आणि सरळ पट्टी व फिलर गेज लावून बघितल्यावर ०.०५ मिलिमीटरहून जास्त फट निघाली की लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला, न्यावंच लागतं.

घरी आल्यावर रिझर्व्ह टाकीवर पेनाने रेघ मारावी आणि तीन-चार आठवडे, इंजिन थंड असताना, तिच्याकडे बघावं. हवा निघून पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडं खाली जाईल, ते भरावं. त्यानंतरही पातळी उतरत असेल तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून कॅपवरच्या आकड्याइतका दाब भरावा आणि दहा मिनिटं काटा बघावा. काटा उतरतो आणि बाहेर थेंब दिसतो, तर होज, पंप, रेडिएटर. काटा उतरतो आणि बाहेर सगळं कोरडं, तर हीटरखालचं कार्पेट चाचपावं. तेही कोरडं असेल तर प्लग काढून बघावे. एखादा प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, किंवा इंजिन चालू असताना उघड्या रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नाहीत, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलं आहे. मग बाटलीभर पाणी एक्झॉस्टमधून जात होतं, आणि हेड उतरवून गॅस्केट बदलल्याशिवाय त्या गाडीने पुढचा घाट चढू नये.